सहा सेकंदांची भाऊबीज

आधीच सांगते, सर्वेश घाडीगावकर वाईट मुलगा नाही. मठ्ठ आहे. दोन्हींत फरक आहे, आणि त्या फरकावर मी तीन वर्षं काढलीत. वाईट असता तर पहिल्याच महिन्यात नाद सोडला असता. मठ्ठ माणसाचं काय करायचं, हे मला फिजिओथेरपीच्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

आम्ही नाहूरला एकाच सोसायटीत राहतो. मी, रेवती फणसे, बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आईबाबांबरोबर. तो चौथ्या मजल्यावर त्याच्या आईवडिलांबरोबर. मी मुलुंडला एका क्लिनिकमध्ये लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. तो अंधेरीला लिफ्टच्या कंपनीत आहे, पण ते पोटासाठी. खरा जीव कॅमेऱ्यात, आणि कॅमेऱ्यातही एकाच गोष्टीत अडकलेला. उजेडाच्या रेघा.

म्हणजे कसं, की काळोखात कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा आणि शटर चांगलं सहा-आठ सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात टॉर्च, गाडी, फुलबाजी, जे काही जळतं आणि हलतं त्याची फोटोत लांबलचक रेघ उमटते. मग शटर मिटायच्या अगदी शेवटच्या क्षणी फ्लॅश उडतो, आणि समोरचं माणूस त्या क्षणी जसं असेल तसं टिपलं जातं. 'फ्लॅश आधी उडवला ना, तर रेघ माणसाच्या पुढे पळते, माणूस उलटा चालल्यासारखा दिसतो,' हे त्याने मला पहिल्याच भेटीत आरे कॉलनीच्या रस्त्यावर पाऊण तास समजावलं होतं. मला वाटलेलं आज काहीतरी विचारेल. त्याने विचारलं ते एवढंच, की आठ सेकंद न हलता उभी राहशील का? मी राहिले. समोरून बस गेली, तिच्या लाल दिव्यांच्या रेघा माझ्या मागून गेल्या, माझ्या कोपरावर तीन डास बसले होते तेही बसून राहिले. प्रेम याहून वेगळं काय असतं ते मला माहीत नाही.

लग्न करायचं हे आमचं दोघांचं ठरून दोन वर्षं झाली. ठरवलं मी, हो म्हणाला तो. राहिलं काय, तर त्याच्या आईला सांगायचं. गणपतीत म्हणाला, घरात पाहुणे आहेत. नवरात्रात म्हणाला, आईचे उपास चालू आहेत, ती आधीच तापलेली असते. अरे, मग तिला सांगणार कधी, तिच्या वाढदिवसाला केक कापताना? शेवटी माझ्या बाबांनी ठाण्याचं एक स्थळ आणलं. मुलाकडचे येत्या रविवारी येणार. मी सर्वेशला जिन्यात गाठून बजावलं, 'भाऊबीजेला घरी सांगितलंस तर ठीक. नाहीतर रविवारी मी साडी नेसून त्या लोकांपुढे पोह्यांच्या बशा घेऊन जाणार, आणि हसणार पण.' तो चांगलाच घाबरला. म्हणाला, 'भाऊबीजेला नक्की. ताई येतेय ना बोरिवलीहून. ती असली की मला धीर येतो.'

म्हणून भाऊबीजेच्या संध्याकाळी सात वाजता शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मी चौथ्या मजल्यावर गेले. डबा निमित्ताला. मला तो काय बोलतो ते माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

दार दत्तारामकाकांनी उघडलं. सर्वेशचे वडील. जन्म गेला गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर कुरिअरच्या ऑफिसात, पण जिभेवरची मालवणी हलली नाही. मला बघून म्हणाले, 'ये गे चेडवा, ये. पण सांभाळून ये हां. ह्या खुळ्यान घरात काळोख करून ठेवल्यान.'

खरंच ठेवला होता. पडदे कपड्यांच्या चिमट्यांनी घट्ट लावलेले. मधोमध ट्रायपॉड. कॅमेऱ्याची केबल टीव्हीला, म्हणजे फोटो काढला की पुढच्या क्षणी भिंतभर दिसणार. फ्लॅशला काळ्या पुठ्ठ्याची नळी चिकटवलेली, उजेड फक्त पाटावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर पडावा म्हणून. आणि पाटावर, डोक्यावर टोपी घालून, हातात रिमोट घेऊन नवरदेवासारखा खूष बसलेला आमचा सर्वेश.

मी वाकून त्याच्या कानात विचारलं, 'सांगितलंस?'

'आधी हा फोटो होऊ दे ना यार,' तो म्हणाला. 'आयडिया ऐक. ताई ओवाळणार, शटर सहा सेकंद उघडं. निरंजनाचा फेरा गोल उमटेल. माझ्या तोंडाभोवती आख्खं सोन्याचं कडं! आजपर्यंत कुणाला सुचलं नसेल.'

माझ्या हातात तेव्हा शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा होता. तो त्याच्या टाळक्यात घातला नाही, हे माझे संस्कार.

अक्षताताई, त्याची मोठी बहीण, तिला आमचं सगळं ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, थांब, होईल. तिने त्याला टिळा लावला, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली. मग त्याच्या हुकमावरून ताटातलं बाकी सगळं काढून नुसतं निरंजन ठेवलं. अनुपमाकाकूंना, म्हणजे त्याच्या आईला ते मुळीच आवडलं नाही. 'ओवाळायचं ताट असं उघडंबोडकं?' त्या म्हणाल्या. पण लाडक्या लेकाचं खूळ, चालवून घेतलं. ताई कॅमेऱ्याच्या आड येणार नाही अशी बाजूला उभी राहिली, काकूंनी ट्यूबलाईट बंद केली, सर्वेशने रिमोट दाबला, तीन फेरे झाले, फ्लॅश उडाला.

टीव्हीवर फोटो आला. कडं होतं, पण त्याच्या खालच्या बाजूला दोन भुतासारखे धुरकट पंजे आले होते.

'हे कोणाचे हात?' सर्वेश किंचाळला.

दत्तारामकाका ओशाळले. 'माजे. निरंजन समोरसून गेला, म्हणून आरती घेतलंय.' सवयीचे हात, दिवा फिरताना दिसला की पुढे होणारच. त्यांना उचलून खिडकीपाशी बसवलं आणि हात मांडीखाली ठेवायला लावले. मग परत लाईट बंद, परत तीन फेरे, परत फ्लॅश.

आणि काय सांगू, या वेळी जमलं. काळ्याभोर काळोखात फक्त सर्वेशचं तोंड आणि त्याच्याभोवती पिवळंधम्मक, जाड, अखंड वर्तुळ. ताईचा मागमूस नाही. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काका म्हणाले, 'अगे, झील तुजो देव्हाऱ्यातलो देव दिसता!' मलाही आवडला फोटो, खोटं कशाला बोलू. क्षणभर रविवार विसरले मी.

तेवढ्यात काकू माझ्याकडे वळल्या. आवाजात मध. 'रेवती, तुला सख्खा भाऊ नाही ना गं?'

मी आपली सरळपणाने म्हटलं, 'नाही काकू.'

'मग ये, तू पण ओवाळ आमच्या सर्वेशला. सणाचं कुणी असं कोरडं राहू नये.'

तुम्हाला कळतंय ना? भाऊबीजेला ओवाळायचं म्हणजे भाऊ. एकदा तीन फेरे झाले, टिळा लागला, ओवाळणी हातात पडली, की मग तो जन्मभर भाऊ. सोसायटीत कुणी सख्खं असो मानलेलं असो, त्यात मागे फिरणं नाही. आमच्याच ए विंगमधल्या मीराला असंच एका दिवाळीत, तिला आवडणाऱ्या मुलाला ओवाळायला लावलं, ती आता त्याच मुलाच्या पोराची आत्या म्हणून बारशाला मिरवते. 

मी सर्वेशकडे बघितलं. हाच क्षण. देवाने ताटात वाढून दिलेला. आता तरी हा म्हणणार, आई, थांब.

'हो हो, ये ना!' सर्वेश म्हणाला. डोळे टीव्हीवर. 'तुझा हात ताईपेक्षा स्थिर आहे. कडं अजून मोठं येईल.'

वाट लागली. मी ताईकडे बघितलं, तर तिने कपाळावर हात मारलेला.

'काकू, हात तुपकट आहेत माझे, शंकरपाळ्या...'

'बेसिन तिकडे आहे.'

'आई वाट बघत असेल खाली.'

'तिला मीच फोन केला होता मघाशी. म्हणाली, बरं होईल, पोरीची हौस राहून गेलीय.'

'मला चुलतभाऊ आहे ना, नाशिकला.'

'नाशिकचा भाऊ आज आलाय का? नाही ना? मग.'

ताई मदतीला धावली. 'आई, निरंजनातलं तूप संपलंय गं.'

'वाटीत आहे,' काकू म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, 'चल, तूच घे घालून.'

स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी त्यांनी निरंजनात तूप घातलं, वात सारखी केली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'तो फोटो टीव्हीला लावून बघतो आणि कॅमेऱ्याचं कार्ड त्यातच ठेवून जातो. मी टीव्ही पुसायला गेले की फोटो चालू होतात. तीनशे फोटो बघितले मी, रेवती. एकात तरी दुसरी कुणी पोरगी असेल म्हणून शेवटपर्यंत बघितले.'

मी तुपाच्या वाटीवर झाकण ठेवलं.

'तू गुणी आहेस,' त्या पुढे म्हणाल्या, तितक्याच शांतपणे. 'पण तोंडाळ आहेस. आमच्या घरात एक तोंडाळ बाई पुरे. माझ्या बहिणीने कुडाळला एक मुलगी बघून ठेवलीय, फार कमी बोलते. तेव्हा शेजारपण आहे ते छान आहे, त्यात आज बहीण होशील, अजून छान होईल.' आणि ताट माझ्या हातात ठेवलं.

बाई काय, फौजदार आहे! एक शब्द वर न चढवता, सणाच्या दिवशी, हसतमुखाने मला जन्मठेप. आणि मी नाही म्हणावं तर का नाही, ते सगळ्यांसमोर मीच सांगायचं. माझ्या आईबाबांना ते उद्या सोसायटीकडून कळणार. नाही, हे सांगायचं काम त्याचं होतं. दोन वर्षं मी त्याच्यासाठी ते राखून ठेवलं होतं.

हॉलमध्ये आले तर टेबलावर गुलाबी कागदातलं एक खोकं ठेवलेलं. वर काकूंच्या ठसठशीत अक्षरात 'चि. रेवतीस'. म्हणजे ओवाळणीसुद्धा आधीच बांधून तयार! 

मी पाटासमोर वाकले. टिळा लावता लावता, ओठ न हलवता सर्वेशला म्हटलं, 'अरे, मी काय करतेय ते कळतंय का तुला?'

'हो,' तो तितक्याच हळू आवाजात म्हणाला, 'डाव्या बाजूने कॅमेऱ्याच्या आड येतेयस. थोडी इकडे सरक. आणि तिसऱ्या सेकंदाला डोक्यावर असायला हवीस.'

तिथे माझं डोकं फिरलं. अगदी खरं सांगते, तोपर्यंत मी मनात डाव रचत होते. ताट हातातून पाडावं, चक्कर आल्याचं नाटक करावं, काहीतरी. हे ऐकल्यावर सगळे डाव गेले. मनात म्हटलं, तुला कडं हवंय ना? घे कडं. मोठं घे. हो माझा भाऊ. पुढच्या वर्षी कुडाळच्या मुलीसमोर बसून घे ओवाळून, आणि तिलाही सांग कुठे उभं राहायचं ते.

'तीन फेरे हां गं,' काकू बटणाजवळून म्हणाल्या. लाईट गेला.

रिमोटचा टक्क आवाज आला. शटर उघडलं.

मी त्याच्या उजव्या कानापासून सुरुवात केली. हळू. हात जडच झाला होता, खरं तर. निरंजनाच्या उजेडात त्याचं कपाळ दिसत होतं, टिळा जरा वाकडा लागला होता, माझ्याच हाताने. वर, डोक्यापाशी आले. तिथे हात जरासा थबकला. अजूनही म्हण, मी मनात म्हटलं. दोन शब्द म्हण रे. तो मान ताठ करून कॅमेऱ्याकडे बघत होता, अगदी फोटोत बसल्यासारखा.

मग मी ताट जोरात खाली आणलं. डाव्या कानावरून, गालावरून, हनुवटीकडे. आता पाव उरलेला, तेवढा झाला की फेरा पुरा.

आणि माझं मनगट कुणीतरी धरलं.

असं धरलं की ताट जागच्या जागी थांबलं. मी ओढलं, सुटेना. आखडलेले खांदे सोडवणारी बाई आहे मी, माझ्या मनगटात ताकद कमी नाही, तरी सुटेना. काळोखात कुणाला काही दिसलं नाही, निरंजन तेवढं एका जागी थरथरत होतं.  मला वाटतं दोन सेकंद तरी आम्ही तसेच होतो. मग धाडकन फ्लॅश उडाला.

काकूंनी लाईट लावला तोवर सर्वेशने हात सोडला होता. तो पाटावर होता तसाच बसलेला, फक्त तोंड पांढरं पडलेलं. काकू टाळ्या वाजवत पुढे आल्या. 'झालं! छान ओवाळलंस गं. सर्वेश, ते खोकं घे आणि घाल तिच्या ताटात. आजपासून...'

'आई, टीव्ही बघ,' अक्षताताई म्हणाली.

टीव्हीवर फोटो आला होता.

कडं नव्हतं. उजव्या कानापासून निघालेली सोनेरी रेघ डोक्यावरून जाऊन डाव्या गालापर्यंत आली होती आणि हनुवटीच्या जरा वर, बाजूला एक मोठा पांढराफटक ठिपका होऊन संपली होती. कानाला हेडफोन लावल्यासारखं काहीतरी दिसत होतं. आणि फ्लॅशच्या उजेडात, स्वच्छ, एक एक केस मोजता येईल इतकं स्वच्छ, माझं मनगट, माझ्या दोन हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्यावर आवळलेली सर्वेशची पाच बोटं. त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतंच. माझ्याकडे होतं. असा घाबरलेला चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सुटल्यावर अशी दिसतात म्हणे.

 पहिल्यांदा बोलले दत्तारामकाका, हात अजून मांडीखालीच. 'अनुपमा, फेरो काय पुरो झालो नाय हां.'

'यंत्राचं काय सांगताय?' काकू म्हणाल्या. 'चुकलं असेल यंत्र.'

'चुकत नाही आई,' सर्वेश म्हणाला. शटरचा विषय निघाला की या माणसाला वाचा फुटते. 'शटर उघडं असताना जे जे होतं ते सगळं येतं. दिवा खालून गेला असता तर खालून रेघ आली असती. नाही आलेली.'

'मग परत ओवाळेल ती. लाईट बंद करते मी.'

'नको.'

'का नको?'

सर्वेश पाटावरून उठला. भाऊबीजेच्या पाटावरून मध्येच उठायचं नसतं, हे कोकणातल्या लहान पोरालाही माहीत असतं. काका 'अरे अरे' म्हणाले. तो उठला, टोपी काढून हातात घेतली, ती पिळली, आणि म्हणाला, 'आई, ही माझी बहीण नाही. मला हिच्याशी लग्न करायचंय. मी तुला गणपतीतच सांगणार होतो.'

'कुठल्या गणपतीत?' मी म्हटलं. 'मागच्या की त्याच्या मागच्या?'

'गप गं तू जरा,' अक्षताताई म्हणाली, पण तिला हसू आवरत नव्हतं.

मी जिंकले होते. काय वाटलं म्हणून सांगू! ट्रायपॉडसकट त्याला मिठी मारावीशी वाटत होती. काकू टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.  मग त्यांनी बोट पुढे केलं आणि ती रेघ हवेत गिरवली. उजव्या कानापासून. वर. डोक्यावर. मग डाव्या कानावरून खाली. त्या ठिपक्यापाशी बोट थांबलं.

'म्हणजे,' त्या सावकाश म्हणाल्या, 'याने धरलं म्हणून थांबलीस. तू तर निघाली होतीस फेरा पुरा करायला.'

सर्वेश वळला. टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

आणि मला, रेवती फणसेला, जिला कुणाचंही तोंड बंद करता येतं तिला, काही सुचेना. खोटं बोलायची सोय नव्हती. भिंतभर लिहिलेलं होतं. धक्का लागला म्हणू? हात घसरला म्हणू? त्या चौघांपुढे, हातात जळतं निरंजन घेऊन मी उभी, आणि ज्या माणसाला तीन वर्षं भित्रा भित्रा म्हणून हिणवलं त्याला मीच एका सेकंदात टाकून द्यायला निघाले होते.

'हो,' मी म्हटलं. 'राग आला होता मला. इतका आला की म्हटलं, जाऊ दे सगळं. करणार होते पुरा.' आणि मग सगळ्यांसमोर, शी, मला रडूच आलं. 'बरं झालं धरलंस.'

 सर्वेश टीव्हीजवळ गेला आणि काकूंच्या शेजारी उभा राहून बोटाने रेघ दाखवू लागला. मला वाटलं आता फोटो हलला म्हणून कुरकुर करणार.

'हे बघ, इथे रेघ जाड आहे,' तो म्हणाला. 'हळू हात फिरला की जाड येते. म्हणजे इथपर्यंत तुला करायचं नव्हतं. डोक्यावर तर थांबलीयस, तिथे केवढी फुगलीय बघ. मग इथून एकदम बारीक, दोऱ्यासारखी. इथे राग आला. रेघ दिसतेय का आई, इथे? जेमतेम. एवढ्या वेगाने आली ही. मला आधी काही कळलंच नव्हतं गं. दिवा या कानापाशी आला, गरम लागलं, तेव्हा एकदम डोक्यात आलं, अरे, ही गेली. आता ही गेली.' त्याने हातातली टोपी परत पिळली. 'फोटो गेला तर गेला म्हटलं.'

एवढं लांब तो शटरशिवाय कधी बोलला नव्हता. शटरसकटच बोलला, पण चालेल.

काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग परत त्या जाड रेघेकडे. मग त्यांनी टेबलावरचं गुलाबी खोकं उचललं. मला वाटलं आता कपाटात ठेवतील. त्यांनी 'चि. रेवतीस' लिहिलेल्या कागदावरून एकदा हात फिरवला आणि खोकं होतं तिथेच परत ठेवलं. माझ्यासमोर आल्या.

'तोंड चलता तुजा, ता ठावक होता माका,' त्या म्हणाल्या. 'हातय चलता, ह्या आज बघलंय. ह्या घरात रागान दिवो फिरवचो नाय. समाजला? आणि डोळे पूस आधी. दी ता ताट हकडे, तूप सांडतला.'

काकू आजवर माझ्याशी कधी मालवणीत बोलल्या नव्हत्या. बाहेरच्या माणसाशी त्या शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी बोलतात. मालवणीतून फक्त नवऱ्याला, सर्वेशला आणि ताईला झापतात.

तूप केव्हाच माझ्या ओढणीवर सांडलं होतं. मी ओढणीची ती बाजू मुठीत धरली, ताट त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, 'होय काकू.' उलट एक शब्द बोलले नाही.